काट्याचा नायटा

रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून उभ्या असलेल्या माणसाला आपल्याकडे एकटं वाटायची सोय नाही. पंक्चर काढत बसलेल्याकडे कुणी ढुंकून बघत नाही, कारण पंक्चरमध्ये मतभेदाला जागाच नसते. पण बॉनेटखालून वाफ निघताना दिसली की दोन मिनिटांत मंडळ भरतं. रसवंतीचा मालक गिऱ्हाईक टाकून येतो. एसटीची वाट बघणारे दोघं एसटी गेली तरी जागचे हलत नाहीत. एक म्हणतो, आधी पाणी ओता. दुसरा म्हणतो, खबरदार, हेड तडकेल. तिसरा रेडिएटरच्या टोपणाकडे हात नेतो आणि मग मात्र सगळे एका सुरात ओरडतात. टोपण गरम असताना उघडू नये, या एका मुद्द्यावर महाराष्ट्रात सर्वपक्षीय एकमत आहे. कारण सगळ्याच पक्षांनी ते एकेकदा उघडून पाहिलेलं आहे.

अशा मंडळासमोर चारचौघांत उभं राहण्याचा दांडगा अनुभव माझ्या दाजींना आहे. दाजी साताऱ्याला असतात आणि त्यांच्याकडे प्रीमियर पद्मिनी आहे. १९७८चं मॉडेल. रंग पांढरा, म्हणजे आरसी बुकात. त्यांच्या वडिलांनी नंबर लावून, वर्षानुवर्षं वाट बघून ती घेतली. तेव्हा या गाड्या मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार व्हायच्या. मुळात ही इटलीची फियाट ११००. आपल्याकडे १९७२मध्ये तिची प्रेसिडेंट झाली आणि १९७४मध्ये पद्मिनी. प्रेसिडेंट होऊन दोनच वर्षांत राणी झालेलं दुसरं कुणी माझ्या तरी माहितीत नाही. ताईच्या लग्नाची बोलणी झाली तेव्हा ही गाडी अंगणात उभी होती. आमच्या बाबांना मुलगा पसंत पडला की गाडी, हे त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही.

तर ही गाडी तापते. कायम नाही. साताऱ्याहून पुण्याला जाताना खंबाटकीचा बोगदा लागतो आणि पुण्याहून परत येताना खंबाटकीचा घाट. त्यामुळे जाताना गाडी थंडगार असते आणि येताना खंडाळा मागे पडलं की (हे साताऱ्यातलं खंडाळा, लोणावळ्याशेजारचं नव्हे) तिचा पारा चढायला लागतो. ‘घरी यायचं म्हटलं की तापायचं, हे ती कुणाकडनं शिकली ते मला विचारू नका,’ असं ताई म्हणते.

खरं तर दाजी निवृत्त होईपर्यंत गाडी तापते हे कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं. डॅशबोर्डावरचं काहीच खरं मानायचं नसतं, अशी घरात पूर्वापार समजूत होती. घाटात मध्येच थांबायचं, बॉनेट उघडायचं, मुलांनी माकडांना शेंगा घालायच्या आणि अर्ध्या तासाने निघायचं, हा प्रवासाचाच भाग होता. मग निवृत्तीनंतर दाजींना वेळ मिळाला आणि वेळ मिळालेला माणूस करतो तेच त्यांनी केलं. त्यांनी मोजायला सुरुवात केली. स्टिअरिंगशेजारी त्यांनी पाण्याचं तापमान दाखवणारा एक नवा काटा बसवून घेतला. त्या दिवसापासून जी गाडी नुसती चालत होती ती ब्याण्णव अंशांवर चालायला लागली. दाजींची एक नजर रस्त्यावर आणि एक काट्यावर. पुढे पुढे रस्त्याकडे ताईच बघायची.

आणि मग एका रविवारी सकाळी, पोहे पुढे आल्यावर, दाजींनी प्रश्न टाकला : ‘मेव्हणं, रेडिएटर ओरिजिनलच ठेवावा, की अपग्रेड करावा?’

या प्रश्नात किती दारूगोळा भरलेला आहे, याची कल्पना जुन्या गाड्यांच्या नादी न लागलेल्या वाचकांना येणार नाही. देव आहे की नाही, यावर त्या लोकांत शांतपणे चर्चा होऊ शकते. तांब्या-पितळेचा रेडिएटर की ॲल्युमिनियमचा, यावर होत नाही.

आधी मूळ भानगड काय ते सांगतो. पेट्रोल जाळून जी उष्णता निर्माण होते तिच्यातला जेमतेम चौथा किंवा तिसरा हिस्सा गाडी पुढे ढकलायच्या कामी येतो. साधारण तेवढाच एक्झॉस्टमधून धुराबरोबर निघून जातो. आणि तेवढाच इंजिनाभोवती खेळणाऱ्या पाण्यात उतरतो. ते पाणी रेडिएटरमध्ये येतं, बारीक नळ्यांतून खाली जातं, नळ्यांना चिकटलेल्या जाळीतून वारा जातो आणि पाण्याची उष्णता घेऊन निघून जातो. म्हणजे शंभर रुपयांचं पेट्रोल भरलं तर तीसेक रुपयांत आपण पाणी तापवतो आणि ते तापलेलं पाणी निववायला आणखी एक यंत्र पुढे बांधून फिरतो. त्याच पैशांत ताईच्या न्हाणीघरातला बंब पेटवला असता तर निदान घरातल्या सगळ्यांच्या आंघोळी झाल्या असत्या.

मोटारीच्या जन्माच्या वेळी रेडिएटर नव्हताच. कार्ल बेंझच्या १८८६च्या तीनचाकी गाडीत पाणी उकळायचं, वाफ होऊन उडून जायचं आणि पुन्हा भरायचं, एवढी सोपी व्यवस्था होती. दोन वर्षांनी त्याची बायको बेर्था दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता, मानहाइमहून फोर्झहाइमला माहेरी गेली. शंभरेक किलोमीटरचा रस्ता आणि वाटेत जिथे पाणी मिळेल तिथे गाडीला पाजत गेली. मोटारीचा जगातला पहिला लांबचा प्रवास बाईने माहेरी जायला केला, हे ताईला मी सांगितलं तेव्हा ती म्हणाली, ‘मग दुसरं कुठे जाणार?’

पुढे १९००-०१मध्ये विल्हेल्म मायबाखने पहिल्या मर्सिडीजसाठी मधमाश्यांच्या पोळ्याच्या जातीचा रेडिएटर बनवला. त्यात आठ हजार सत्तर बारीक नळ्या होत्या. आठ हजार सत्तर! आणि तो मायबाखच्या मनात आलं म्हणून झाला नव्हता. एमिल येलिनेक नावाच्या पैसेवाल्या गिऱ्हाइकाला अधिक जोरदार आणि अधिक वेगवान गाडी हवी होती म्हणून झाला. गाडीला नावही त्याच्याच मुलीचं. थोडक्यात, ‘आहे तो रेडिएटर पुरत नाही, मोठा द्या’ म्हणणारा हौशी मालक हा मोटारीइतकाच जुना आहे. उलट फोर्डच्या मॉडेल टीला बहुतेक सगळा काळ पाण्याचा पंपसुद्धा नव्हता. गरम पाणी आपोआप वर चढतं आणि थंड खाली येतं, या शाळेतल्या धड्यावर दीड कोटी गाड्या खपल्या. मॉडेल टीच्या मालकांनी अपग्रेडचा विचार केला नसेल असं मात्र मला वाटत नाही. पोह्यांच्या जागी तिकडे दुसरं काही असेल.

दाजींच्या प्रश्नावर पहिलं मत आलं ते शेजारच्या आबांचं. आबा जावळीतले, तीस वर्षं मुंबईत काळी-पिवळी चालवून गावाकडे परतलेले. त्यांनी पद्मिनी जितकी चालवली तितकी ती कुर्ल्याच्या कारखान्याने ओळखली नसेल. ते म्हणाले, ‘अपग्रेड कसलं? मे महिन्यात दादरच्या पुलावर दोन तास गाडी जागची हलत न्हवती. मीटर पळायचा, गाडी उभी. तवा कुनी बसीवला आल्युमिनम?’

मुद्दा बिनतोड होता. मुंबईत ही टॅक्सी २०२३च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून गेली, पण त्याआधी दोन पिढ्या तिने तोच रेडिएटर घेऊन शहराचा उन्हाळा काढला. नंतर नंतर तर सीएनजीवर. आता जो रेडिएटर दादरला पुरला तो खंबाटकीला का पुरू नये? याचं उत्तर आबांनीच दिलं असतं, पण ते चहाला थांबले नाहीत आणि दाजींना उत्तरात रस नव्हता. त्यांना रेडिएटरमध्ये होता.

दुसरं मत एमआयडीसीतल्या आर्गॉनवाल्याचं. हा पोरगा ॲल्युमिनियमचं वेल्डिंग करतो, हाताखाली दोन माणसं आहेत आणि भिंतीवर परदेशी रेसिंग गाड्यांचे फोटो. तो म्हणाला, ‘काका, तांबं गेलं आता. फुल ॲल्युमिनियम करून देतो. वजन निम्म्याखाली येईल. दिसेल कसा बघा, चांदीसारखा.’ दाजींनी विचारलं, ‘थंड करेल का?’ तो म्हणाला, ‘काका, दिसेल कसा ते बघा.’

इथे मी थोडं वाचून ठेवलं होतं ते बाहेर काढलं. तांबं ॲल्युमिनियमपेक्षा उष्णता जास्त चांगली वाहून नेतं. थोडीथोडकी नाही, दीडपटीच्याही वर. हे ऐकून दाजींचा चेहरा पडला आणि ताईचा खुलला. पण आर्गॉनवाला कच्चा नव्हता. तो म्हणाला, तुमच्या जुन्या रेडिएटरात नळी पितळेची, जाळी तांब्याची आणि दोघांना चिकटवणारा डाक शिशा-कथलाचा. डाकाला उष्णता वाहून नेण्याची फारशी हौस नाही. तांब्याने धावत आणलेली उष्णता त्या सांध्यावर अडते. ॲल्युमिनियममध्ये नळी आणि जाळी भट्टीतच एकजीव होतात, आणि नळ्या रुंद करता येतात. हेही खरं होतं. दोन्ही पक्ष बरोबर असणं हे वादाच्या दृष्टीने सगळ्यात वाईट, कारण मग तो मिटायला कारणच उरत नाही.

मग त्याने पुढचं सांगितलं. रेडिएटर मोठा झाला की जुना पट्ट्यावर फिरणारा पंखा त्याला पुरा पडत नाही. इंजिन नुसतं घुरघुरत उभं असतं तेव्हा हा पंखाही निवांत फिरतो, म्हणजे नेमका ट्रॅफिकमध्ये उपयोगाचा नाही. तेव्हा दोन इलेक्ट्रिक पंखे. ते पंखे ओढणार वीज, आणि दाजींच्या गाडीत अजून डायनॅमो. तेव्हा डायनॅमो काढून अल्टरनेटर. अल्टरनेटर आला की वायरिंग जुनं चालणार नाही. वायरिंग उकललंच आहे तर हेडलाइट हॅलोजन करून घ्या काका. दाजी मान डोलवत होते. पाणी थंड करायला निघालेला माणूस अर्ध्या तासात हेडलाइटपाशी पोहोचला होता आणि त्यांच्या चेहऱ्यावर अनेक वर्षांत न दिसलेलं तेज होतं.

शेवटी तो सहज म्हणाला, ‘जुना रेडिएटर इथंच ठेवा. त्याचं काय करणार तुम्ही?’

ताई रिक्षात बसायला निघाली होती ती मागे फिरली. घरातली फुटकी घागर मोडीत घालताना तिने मोडवाल्याला तीनदा वजन करायला लावलेलं मी पाहिलं आहे. तांब्याची मोड काय भावाने जाते आणि ॲल्युमिनियमची काय, हे तिला चालू बाजारभावासकट पाठ असतं, तिपटी-चौपटीचा फरक. ‘जुना आमच्याबरोबर येईल,’ ती म्हणाली. आर्गॉनवाल्याच्या वजन-कमी-होण्याच्या योजनेतलं हे वजन त्याने धरलेलं नव्हतं.

एक गोष्ट मात्र आर्गॉनवाल्याच्या बाजूने सांगायला हवी, नाहीतर अन्याय होईल. मोठा रेडिएटर खरोखर लागतो अशा गाड्या असतात. कुणी पद्मिनीत मागाहून एसी बसवतं. एसीची जाळी रेडिएटरच्या पुढ्यात येते आणि रेडिएटरला जो वारा मिळतो तो आधीच तापलेला, उष्टा. कुणी मूळ १०८९ सीसीचं इंजिन काढून त्या जागी भलतंच दांडगं इंजिन कोंबतं. कुणी टर्बो लावतं, कुणी शर्यतीत पळवतं. तिथे जुना रेडिएटर ठेवणं म्हणजे हट्ट. पण दाजींच्या गाडीत एसी नाही, इंजिन तेच, आणि शर्यत म्हणाल तर गेल्या दिवाळीत मेढ्याच्या रस्त्यावर एका दूधवाल्याच्या मोटारसायकलीशी झाली होती, तीही दाजींनी मनातल्या मनात लावलेली.

तिसरं मत खणआळीच्या अलीकडच्या गल्लीत बसणाऱ्या चाचांचं. चाचांचं दुकान म्हणजे सात-आठ फुटांची जागा. दारात पाण्याचा सिमेंटचा हौद, आत ॲसिडचा वास आणि भिंतीला टांगलेले रेडिएटर, ट्रॅक्टरपासून जीपपर्यंत. चाचांनी गाडीकडे पाहिलंच नाही. त्यांनी टोपण काढलं, उलटं केलं, त्याच्या आतला रबर नखाने खरवडला. रबराचा चुरा खाली पडला. ‘साहेब, हे आधी बदला.’

टोपण ही रेडिएटरमधली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात अपमानित वस्तू. त्यात एक स्प्रिंग असते, ती पाणी दाबून धरते. एका पौंडाचा दाब वाढला की पाणी उकळायचा बिंदू साधारण दीड-पावणेदोन अंशांनी वर चढतो. स्प्रिंग मेली, रबर वाळला, की दाब नाही, आणि मग पाणी आपल्या नैसर्गिक स्वभावाने उकळायला मोकळं. तेही शंभर अंशांना नाही. सातारा समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या आसपास, तिथे पाणी अठ्ठ्याण्णवलाच उकळतं. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरवर, तिथे पंच्याण्णव-शहाण्णवला. म्हणजे दाजींची गाडी जितकी उंचावर चढेल तितकी तिची सहनशक्ती कमी व्हायची, आणि कारण हातात मावेल एवढं.

पण दाजींना हे अजिबात पटलं नाही. ‘टोपण?’ ते म्हणाले. एखाद्या माणसाने छातीत दुखतंय म्हणून मोठ्या डॉक्टरांची वेळ घ्यावी आणि त्यांनी शर्टाचं वरचं बटण सोडा म्हणून सांगावं, तेव्हा जो आवाज निघेल तो आवाज. स्वस्तातला उपाय हा दुखण्याचा अपमान असतो. शिवाय आता दाजींनी इतक्या जणांशी रेडिएटरवर चर्चा केली होती की टोपण बदलून घरी जाणं त्यांना सामाजिकदृष्ट्या शक्य नव्हतं.

चाचांना असल्या गिऱ्हाइकांची सवय असावी. त्यांनी रेडिएटर उतरवला, उभा धरला, वरून बादलीभर पाणी ओतलं. खालून पाणी धो-धो यायला हवं होतं. आलं ते विचार करत करत. मग त्यांनी वरच्या टाकीचा डाक पेटत्या दिव्याने सोडवला आणि टाकी उघडली.

आत जे होतं ते मी आयुष्यात विसरणार नाही. चाळीसहून अधिक वर्षं त्या रेडिएटरला जे पाणी मिळालं ते सगळं आत जमा होतं. विहिरीचं, बोअरचं, पेट्रोल पंपावरच्या टाकीतलं, घाटातल्या झऱ्यातलं, आणि एकदा वरंध्यात दुसरं काहीच मिळेना तेव्हा ओतलेली सोड्याची बाटली. पाणी आटत गेलं आणि क्षार राहत गेले. नळ्यांच्या तोंडावर पांढरे थर बसले होते, अर्ध्या नळ्या पूर्ण बुजलेल्या. आणि त्या पांढऱ्यावर सर्वत्र एक पिवळा रंग.

‘हळद,’ चाचा म्हणाले.

गळणारा रेडिएटर तात्पुरता बंद करायला त्यात मूठभर हळद टाकायची, हा आपल्या रस्त्यांवरचा जुना इलाज. पाण्याबरोबर हळद फिरते, फटीत जाऊन बसते, गळती थांबते. नंतर ती फट नसलेल्या ठिकाणीही जाऊन बसते. ही हळद कुणी टाकली ते दाजींना आठवेना. त्यांच्या वडिलांच्या काळातली असेल. म्हणजे रेडिएटरला हळद लागून गेली होती आणि घरात कुणाला पत्ता नव्हता.

आबांच्या प्रश्नाचं उत्तर इथे, हौदाच्या काठावर पडलेलं होतं. दादरला पुरणारा रेडिएटर खंबाटकीला पुरत नव्हता, कारण तो रेडिएटर आता निम्माच उरला होता. कुर्ल्याहून आला तेवढा जरी तो परत मिळाला असता तरी अपग्रेडच्याच पंक्तीला बसला असता. ओरिजिनल विरुद्ध अपग्रेड असा वाद इतके दिवस चालला आणि गाडीत त्यातलं एकही नव्हतं.

चाचा सळ्या घालून नळ्या साफ करायला तयार होते. पण पितळ आता पातळ झालंय, सळई आरपार जाईल, असं त्यांचं मत. मग त्यांनी तिसराच मार्ग काढला, जो जुन्या गाड्यांची निगा राखणारे बरेच लोक काढतात. वरची आणि खालची टाकी मूळचीच ठेवायची, बाजूच्या पट्ट्याही मूळच्या, आणि मधला कोअर तेवढा नवा, तांब्या-पितळेचाच, पण नळ्यांची एक रांग जास्तीची घालून. बाहेरून बघणाऱ्याला रेडिएटर १९७८चाच दिसणार. आत मात्र वाढलेला. दाजींना हे ऐकताच इतकं आवडलं की त्यांनी भावसुद्धा केला नाही. ओरिजिनलवाल्यांना सांगायला ओरिजिनल, अपग्रेडवाल्यांना सांगायला अपग्रेड. राजकारणात याला फार वर्षं लागतात.

तेवढ्यात मी विचारलं, एक रांग वाढवून किती फरक पडेल? चाचांनी स्पष्ट सांगितलं की वाटतो तेवढा नाही. पहिल्या रांगेला ताजा वारा मिळतो. तोच वारा पुढच्या रांगेपर्यंत जाताना तापत जातो, शेवटच्या रांगेला मिळतो तो इतरांनी वापरून टाकलेला. रांगा दुप्पट केल्या म्हणून गारवा दुप्पट होत नाही. शिवाय कोअर जितका जाड तितका वाऱ्याला आत शिरायला त्रास. ‘पण साहेबांच्या समाधानाला एक चालेल,’ ते म्हणाले. मला वाटतं चाचांनी आयुष्यभर रेडिएटरांपेक्षा साहेबांचीच दुरुस्ती जास्त केली असणार.

आर्गॉनवाल्याचा ॲल्युमिनियम रेडिएटर चाचांनी एका वाक्यात निकालात काढला. तो फुटला तर आर्गॉन लागतो; माझा फुटला तर कन्याकुमारीपर्यंत कुठल्याही गावात डाक लावून मिळतो. यातही तथ्य होतं. ॲल्युमिनियमला आपल्या बोअरचं पाणी सोसत नाही, नीट कूलंट घालत राहावं लागतं, नाहीतर ते आतून खात जातं. कूलंटचा डबा दाजींनी लगेच विकत घेतला, कारण तांब्याच्या रेडिएटरलाही तोच चांगला. त्याने पाणी उकळतंही उशिरा आणि क्षारही बसत नाहीत. पण ताईने जुन्या सवयीने गाडीच्या मागच्या सीटखाली पाण्याच्या दोन बाटल्या ठेवल्याच आहेत. आणि मला संशय आहे की हळदीची पुडीही असावी.

काम झालं. नवा कोअर, नवं टोपण, नवे होज पाइप, हिरवं कूलंट. दाजींनी मुद्दाम पुण्याला नेऊन गाडी खंबाटकीतून आणली. मीही होतो. घाट सुरू झाला तसं गाडीत कुणी बोलेना. सगळ्यांचे डोळे काट्यावर. घाटाच्या माथ्यावर काटा होता अडुसष्ट अंशांवर. दाजींनी ताईकडे अशा नजरेने पाहिलं की जणू काही लग्नाच्या वेळी गाडी नाही, तेच पसंत पडले होते, याचा पुरावा आज मिळाला.

हा आनंद पावसाळा संपेपर्यंत टिकला. मग थंडी आली आणि काटा खाली जायला लागला. साताऱ्यात सकाळी पंचावन्न. पाचगणीकडे चढताना बावन्न. गाडी सकाळी चोक ओढल्याशिवाय हलेना, पेट्रोल जास्त खायला लागली, आणि घाटात तिचा दम कमी पडायला लागला. ज्या माणसाने तापण्यावर इतके महिने घालवले त्याच्या गाडीला आता ताप येईना, आणि हे दुखणं दाजींना आधीच्यापेक्षा जास्त जिव्हारी लागलं. ते पुन्हा चाचांकडे गेले.

‘थर्मोस्टॅट कुठाय?’ चाचांनी विचारलं.

थर्मोस्टॅट ही इंजिनातून रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याच्या वाटेवरची एक छोटी झडप. इंजिन ऐंशी-ब्याऐंशी अंशांपर्यंत तापेपर्यंत ती बंद राहते आणि मग उघडते. इंजिनाला तेवढी ऊब लागतेच. रेडिएटर कितीही मोठा बसवा, ही झडप असेल तर गाडी तिच्या खाली थंड होत नाही. आणि झडप नसेल तर मोठा रेडिएटर इंजिनाला कायम गारठवत राहतो. आपल्याकडच्या मिस्त्रींची मात्र या झडपेशी पिढीजात दुश्मनी. गाडी तापते म्हणून आली की पहिला वार तिच्यावर. ‘ही इंग्लंड-इटलीच्या बर्फासाठी असते साहेब, आपल्याकडे काय करायची,’ असं म्हणून काढून टाकतात. दाजींच्या गाडीतली कधी गेली ते कुणालाच सांगता येईना. जुना, बुजलेला रेडिएटर होता तोपर्यंत तिची उणीव जाणवली नाही, कारण पाणी थंड व्हायचंच नाही. दोन बिघाडांनी मिळून इतकी वर्षं संसार चालवला होता. आम्ही त्यातला एक बरा केला.

नवी झडप येईपर्यंत काय करायचं, यावर आबांनी ट्रकवाल्यांचा उपाय सुचवला. पुठ्ठा घ्यायचा आणि रेडिएटरच्या पुढे अर्ध्यात लावायचा, म्हणजे वारा कमी लागतो. डिसेंबरच्या अखेरीला महाबळेश्वरहून येताना दाजींनी स्ट्रॉबेरीचं एक खोकं रिकामं केलं, त्याचा पुठ्ठा कापला आणि चाचांच्या नव्याकोऱ्या जास्तीच्या रांगेवर दोऱ्याने बांधला. जाळीतून आता समोरून अर्धी स्ट्रॉबेरी दिसते.

‘एवढे पैसे घालून मोठा केलात,’ ताई म्हणाली, ‘आणि आता अर्धा झाकून ठेवलाय?’

‘असू दे,’ दाजी म्हणाले. ‘लागला तर आहे.’

पुठ्ठा तात्पुरता आहे. थर्मोस्टॅट मागवलाय, ब्याऐंशी अंशांचा. अठ्ठ्याऐंशीचा जास्त चांगला, असं आर्गॉनवाला म्हणतो.